केबलवाल्या छोट्या गाडीत क्लच पेडल असेंब्ली बसवण्याची योग्य पद्धत

क्लच पेडल असेंब्ली बदललेली गाडी आठवडाभरात परत येते, आणि तक्रार बहुधा ठरलेली असते. पेडल अजून जड आहे, रिव्हर्स टाकताना खरखर आवाज येतो, किंवा चढावर इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी पुढे सरकत नाही. नवीन पेडलच खराब निघालं, असं क्वचित होतं. जुनी केबल तशीच ठेवलेली असते, नाहीतर पिव्हटचा (पेडल ज्याच्याभोवती फिरतं त्या सांध्याचा) बोल्ट बुश (त्या सांध्यातली झीज सोसणारी खोळ) न बघता आवळलेला असतो, नाहीतर फ्री प्ले (क्लचवर जोर येण्याआधीचा पेडलचा मोकळा प्रवास) एकदाच मोजून बोनेट बंद केलेलं असतं. पेडल बसवायचं काम चार नटांचं दिसतं. खरं काम त्या नटांच्या आधी आणि नंतर असतं.

हा लेख केबलवर चालणाऱ्या क्लचसाठी आहे. मारुती ८००, ऑल्टो, जुनी वॅगन आर या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. स्कॉर्पिओ, इनोव्हा अशा हायड्रॉलिक क्लचच्या गाड्यांत पेडलचा भाग बराचसा असाच असतो, पण केबलऐवजी मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने फ्लुइड ढकलणारा सिलिंडर) येतो. त्यात काय वेगळं करायचं ते पुढे एका भागात दिलं आहे. काही गाड्यांच्या केबलला आपोआप ताण घेणारी दातेरी व्यवस्था असते. तिथे हाताने फ्री प्ले लावायचा नसतो, तेव्हा सातवी पायरी त्यांना लागू नाही.

## आधी ठरवा: दोष पेडलचाच आहे का?

पेडल जड झालं म्हणून पेडल असेंब्ली मागवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पायाला जडपणा पेडलवर जाणवतो, पण तो बहुतेक वेळा खालून आलेला असतो. दहा मिनिटांत खात्री करता येते.

गिअरबॉक्सच्या बाजूला रिलीज लिव्हरवरचा (केबल ज्याला ओढून क्लच सोडवते त्या दांड्यावरचा) अॅडजस्टिंग नट पूर्ण सैल करून केबल लिव्हरमधून सोडा. आता पेडल हाताने दाबा.

- पेडल हलकं, सरळ जातं आणि रिटर्न स्प्रिंग ते वर आणते: पेडल ठीक आहे. दोष केबलमध्ये किंवा गिअरबॉक्सच्या आत आहे.
- पेडल आताही जड आहे: पेडलच्या टोकावरून केबलचा हूक काढा आणि पुन्हा दाबा. आता हलकं झालं तर केबल अडकते आहे. तरीही जड असेल तर पिव्हटचा बुश किंवा शाफ्ट गेलेला आहे.
- पेडल डावी-उजवीकडे डुलतं, ब्रेक पेडलला घासतं किंवा दाबताना कर्रकर्र वाजतं: बुश झिजला आहे. ब्रॅकेट आणि पेडल चांगलं असेल तर नुसते बुश बदलूनही भागतं.

केबल काढून सरळ लटकवा आणि आतली तार बोटांनी पुढे-मागे ओढा. ती लोण्यातून फिरावी तशी फिरली पाहिजे. मध्ये कुठे खरखरली, अडकली किंवा टोकाशी एकही तंतू तुटून वर आलेला दिसला, तर ती केबल पुन्हा लावायची नाही.

केबल आणि पेडल दोन्ही मोकळे असूनही गाडीत पेडल जड लागत असेल, तर प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला दाबून धरणारी तबकडी), रिलीज बेअरिंग (तिच्या स्प्रिंगच्या बोटांवर दाब देणारं बेअरिंग) किंवा रिलीज शाफ्टचे बुश बघावे लागतील. क्लच प्लेट झिजत गेली की प्रेशर प्लेटमधल्या डायफ्रॅम स्प्रिंगचा कोन बदलतो आणि पेडल महिन्यामहिन्याने जड होत जातं. ते काम गिअरबॉक्स उतरवून होतं, पेडल बदलून नाही.

पेडल असेंब्ली बदलायची ती पुढच्या कारणांसाठी: पेडलचा दांडा वाकला आहे, हूक अडकतो ते भोक किंवा पिन लांबट झाली आहे, शाफ्टला खाच पडली आहे, किंवा ब्रॅकेटचा वेल्ड तडकला आहे. ही तड नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. एकाने पेडल जोरात दाबून सोडायचं आणि दुसऱ्याने खाली डोकं घालून टॉर्चच्या उजेडात ब्रॅकेटची मुळं बघायची. तड असेल तर पेडल दाबताना ती केसाएवढी उघडते आणि सोडल्यावर मिटते. तड फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीच्या) पत्र्यातच असेल, तर नवीन ब्रॅकेट लावून काही उपयोग नाही. आधी तो पत्रा चांगल्या वेल्डरकडून सुधारून घ्या.

तपासा: याच वेळी अॅडजस्टिंग नट आट्यांवर कुठे उभा आहे ते बघून ठेवा. नट टोकाशी येऊन ठेपला असेल, म्हणजे सोडायला जागाच उरली नसेल, तर क्लच प्लेट संपत आली आहे. उलट नटाच्या पुढे लांबलचक आटे बाहेर आले असतील, तर केबल ताणली गेली आहे किंवा लिव्हर, बुश यांतला खेळ वाढला आहे. एवढ्या एका नटावरून बरंच कळतं, आणि बहुतेक जण तो सोडण्याआधी त्याच्याकडे बघतच नाहीत.

## पायरी १: सामान आणि हत्यारं

नवीन पेडल असेंब्ली मागवताना गाडीचं मॉडेल, वर्ष आणि चॅसी नंबर द्या. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक ब्रॅकेटची भोकं आणि दांड्याची वाकण बदललेली असते. डब्यात पुढचं सगळं आहे का ते दुकानातच मोजा:

- पेडल, ब्रॅकेट, पिव्हटचा शाफ्ट किंवा बोल्ट
- बुश २ नग
- रिटर्न स्प्रिंग
- पेडलचं रबर आणि स्टॉपरचं रबर
- वायसर आणि क्लिप किंवा कॉटर पिन

बुश बहुतेक वेळा असेंब्लीत लावलेले येतात, पण क्लिप आणि कॉटर पिन नवीन वेगळ्या घ्या. जुनी कॉटर पिन सरळ करून परत वाकवली की ती तुटण्याच्या बेतालाच आलेली असते.

क्लच केबल नवीन घ्या. जुनी केबल वर सांगितलेल्या कसोटीला उतरली आणि ती वर्षभरापूर्वीच टाकलेली असेल, तरच वापरा.

हत्यारांत १०, १२ आणि १४ नंबरचे गोटी पाने, १५० आणि २५० मि.मी.ची एक्स्टेन्शन, त्याच नंबरचे रिंग पाने, टॉर्क रेंच, नोज प्लायर, स्प्रिंग ओढायला हूक, स्टीलची पट्टी, मार्कर, डोक्याला लावायची टॉर्च आणि गॉगल. गॉगल हवाच, कारण डॅशबोर्डखाली उताणं पडून वर बघताना गंज आणि माती थेट डोळ्यांत पडते, आणि सुटलेली स्प्रिंगही त्याच दिशेला येते.

ग्रीस लिथियमचं, २ नंबरचं. ५० ग्रॅमची डबी पुरून उरते. गंज सोडवायचा स्प्रे नट सोडवायला वापरा, पण तो वंगण म्हणून बुशवर मारू नका. दोन-चार दिवस पेडल मऊ लागतं, मग स्प्रे उडून जातो आणि जाताना जुनं ग्रीसही धुऊन नेतो.

## पायरी २: सोडण्याआधी मापं आणि फोटो

गाडी सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा उटी लावा आणि गिअर न्यूट्रलला ठेवा. क्लच सुटलेला असताना गिअरच्या भरवशावर गाडी उभी ठेवायची नाही. इंजिन थंड हवं.

आता तीन मापं कागदावर लिहा:

१. पेडलची उंची: पायमॅट काढून, कार्पेटखालच्या पत्र्यापासून पेडलच्या रबराच्या मध्यापर्यंत.
२. फ्री प्ले: पेडल एका बोटाने दाबत न्या. आधी ते सहज जातं, मग एका ठिकाणी अडल्यासारखं होतं. तिथपर्यंतचं अंतर.
३. अॅडजस्टिंग नटाच्या पुढे दिसणारे आटे, मि.मी. मध्ये.

मोबाइलने चार फोटो काढा: रिटर्न स्प्रिंगची दोन्ही टोकं, केबलचा हूक कोणत्या बाजूने अडकला आहे ते, फायरवॉलवर केबल जिथे शिरते तो भाग, आणि इंजिनच्या बाजूला केबलचा सगळा मार्ग. स्प्रिंगचा फोटो सगळ्यात महत्त्वाचा. ती उलटी बसते, काम करतेय असंही वाटतं, आणि महिन्याभरात ब्रॅकेटला घासून तुटते.

मग बॅटरीची ऋण बाजूची तार काढा. एअरबॅगची गाडी असेल तर तार काढल्यावर काही मिनिटं थांबा आणि मगच डॅशबोर्डखाली हात घाला. बऱ्याच गाड्यांत बॅटरी किंवा एअर क्लीनरचा डबा हलवल्याशिवाय गिअरबॉक्सवरच्या लिव्हरपर्यंत हात पोचत नाही. तो आत्ताच काढा. वाकड्या हाताने पाना लावला की नटाचे कोन गोल होतात.

## पायरी ३: केबल आधी खालून सोडा

क्रम महत्त्वाचा आहे. आधी गिअरबॉक्सची बाजू, मग पेडलची. पेडलच्या हुकावर केबलचा ताण असताना तो पक्कडीने ओढून काढायला गेलं की हूक नाहीतर पेडलची पिन वाकते.

अॅडजस्टिंग नटाच्या आट्यांवर स्प्रे मारून दहा मिनिटं थांबा आणि तारेच्या ब्रशने घासा. मग केबलचं टोक एका पक्कडीने धरून नट सोडा. टोक धरलं नाही तर आतली तार नटाबरोबर पिळली जाते. केबल परत वापरणार असाल तर त्या पिळानेच ती संपते. नट, जॉइंट पिन, वायसर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने एका तारेत ओवून ठेवा. शेवटी केबलचं बाहेरचं आवरण गिअरबॉक्सवरच्या ब्रॅकेटला जिथे क्लिपने धरलेलं असतं, ती क्लिप काढा.

पेडलजवळचा हूक आता हाताने सुटेल. त्याची आतली कड बोटाने चाचपून बघा. चांगला हूक गोल आणि गुळगुळीत लागतो. झिजलेल्यात नखाला अडकेल अशी खाच लागते. तशी खाच असेल तर पेडलच्या पिनलाही तेवढीच झीज असणार, कारण दोघं एकमेकांना घासूनच झिजतात.

## पायरी ४: जुनी असेंब्ली काढणं

रिटर्न स्प्रिंग हुकाने किंवा नोज प्लायरने सोडा. दुसऱ्या हाताने तिच्यावर फडका धरा. काही गाड्यांत पेडल मध्यापलीकडे गेल्यावर पायाला मदत करणारी जाड स्प्रिंग असते. तिच्यात बराच जोर साठलेला असतो, म्हणून ती सैल होईल अशा स्थितीत पेडल आणूनच काढा.

पेडलजवळ क्लच स्विच असेल तर त्याचा कनेक्टर खटका दाबून काढा, वायर ओढू नका.

इशारा: इथे थांबून ब्रॅकेट नीट बघा. काही गाड्यांत क्लच आणि ब्रेक दोन्ही पेडलं एकाच ब्रॅकेटवर, कधी एकाच शाफ्टवर असतात. तुमच्या गाडीत तसं असेल, तर ब्रेक बूस्टरचा पुशरॉड, त्याची पिन आणि ब्रेक लाइटचा स्विच हेही सोडावं लागतं. ब्रेकचं काम स्वतः कधी केलं नसेल तर इथून पुढे जाणकार माणूस शेजारी हवा. बूस्टरच्या पुशरॉडची लांबी अजिबात फिरवायची नाही, आणि पिन बसवताना कॉटर पिन नवीनच घालायची.

ब्रॅकेटचे नट सोडताना आधी सगळे अर्धा-अर्धा फेरा सैल करा, मग एकेक काढा. शेवटचा नट काढताना ब्रॅकेट हाताने तोलून धरा. काही ब्रॅकेटचे स्टड फायरवॉलच्या आरपार जातात आणि नट इंजिनच्या बाजूने असतात. तिथे दोन माणसं लागतात.

ब्रॅकेट निघाल्यावर मागचा पत्रा पुसून बघा. कोकणात किंवा समुद्राकाठी वापरलेल्या गाडीत इथे हटकून गंज सापडतो, कारण केबलचं रबरी ग्रोमेट कडक झालं की पावसाचं पाणी तिथूनच आत झिरपतं. गंज घासून प्रायमर आणि रंगाचा हात द्या आणि वाळू द्या. गंजाच्या पापुद्र्यावर ब्रॅकेट आवळलं तर पापुद्रा दबून नट आपोआप सैल पडतात.

## पायरी ५: नवीन असेंब्ली बाकावर तपासून घ्या

घाई इथेच होते. डब्यातून काढली की थेट गाडीत. त्याऐवजी जुनी आणि नवी शेजारी-शेजारी ठेवा. ब्रॅकेटची भोकं, पेडलच्या दांड्याची लांबी आणि वाकण, हूक अडकवायच्या पिनची बाजू, स्टॉपरची जागा ताडून बघा. भोकं जुळतात पण दांडा १० मि.मी. आखूड आहे, असे पर्यायी कंपन्यांचे भाग सर्रास मिळतात. तसं पेडल बसतं, पण त्याचा प्रवास कमी पडतो आणि क्लच पूर्ण सुटत नाही.

आता पिव्हट खोला. नवीन आलेल्या असेंब्लीत ग्रीस असेलच असं धरून चालू नका. शाफ्ट पुसा, बुशच्या आतल्या बाजूला आणि शाफ्टवर ग्रीसचा पातळ थर द्या. बुश हाताने किंवा लाकडी ठोकळ्याने बसवा. हातोडा थेट मारला तर नायलॉनच्या बुशची कॉलर तडकते.

पिव्हटचा बोल्ट आवळताना लक्षात ठेवायची गोष्ट एकच: बोल्ट ब्रॅकेटला आणि मधल्या लोखंडी नळीला धरतो, पेडलला नाही. नळी बुशपेक्षा किंचित लांब असते, म्हणून नट पूर्ण आवळूनही पेडल मोकळं राहतं. नळी विसरली, आखूड पडली किंवा वायसर चुकीच्या बाजूला गेला, तर आवळल्यावर बुश दोन्हीकडून दाबला जातो आणि पेडल जड होतं. मग लोक नट थोडा सैल ठेवून काम भागवतात. तो नट कधीतरी पूर्ण सुटतो, आणि पेडल ऐन घाटात पायाखालून निसटतं.

तपासा: असेंब्ली हातात धरून पेडल आडवं करा आणि सोडा. स्प्रिंग न लावताही ते स्वतःच्या वजनाने, न अडकता खाली पडलं पाहिजे. टोक धरून डावी-उजवीकडे हलवा. अगदी किंचित खेळ चालेल, पण टकटक आवाज येता कामा नये. या कसोटीला न उतरलेलं पेडल गाडीत बसवू नका. डॅशबोर्डखाली गेल्यावर तेच काम चौपट वेळ खातं.

## पायरी ६: ब्रॅकेट आणि केबल बसवणं

ब्रॅकेट जागेवर धरून सगळे नट आधी नुसत्या बोटांनी तीन-चार आटे फिरवा. एकही नट पान्याने सुरू करायचा नाही. आटे तिरके पकडले गेले की स्टड फिरतो, आणि फायरवॉलमधला वेल्ड केलेला स्टड बदलणं ही वेगळीच डोकेदुखी आहे. सगळे नट हाताने लागले की मग आडव्या-तिडव्या क्रमाने दोन टप्प्यांत आवळा.

टॉर्कचा आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच धरा. तो मिळत नसेल तर ८ मि.मी.च्या साध्या बोल्टला २० ते २५ न्यूटन मीटर आणि ६ मि.मी.च्या बोल्टला ८ ते १० न्यूटन मीटर पुरतो. १० नंबरच्या गोटीने आवळायचा बारका बोल्ट लांब हँडलने ओढला की तुटलाच समजा.

रिटर्न स्प्रिंग फोटोत बघून लावा. पेडल वर येऊन स्टॉपरच्या रबराला टेकलं पाहिजे. आता पेडलची उंची बघा. बहुतेक छोट्या गाड्यांत क्लच पेडल ब्रेक पेडलच्या पातळीत किंवा किंचित वर असतं. स्टॉपरला बोल्ट असेल तर उंची त्यानेच लावा आणि चेकनट (बोल्ट जागेवरून फिरू न देणारा नट) आवळा. उंची आधी आणि फ्री प्ले नंतर, कारण उंची बदलली की फ्री प्लेही बदलतो.

मग केबल. ती फायरवॉलमधून ओवताना ग्रोमेटची खोबण पत्र्यात चारी बाजूंनी बसली का ते बोटाने चाचपा. अर्धं बसलेलं ग्रोमेट पेडल दाबताना आत-बाहेर होतं, आणि तेवढा पेडलचा प्रवास फुकट जातो. पेडलच्या पिनला आणि हुकाला ग्रीस लावा, हूक पूर्ण आत बसवा.

इंजिनच्या बाजूला केबलला मोठी, सैल वळणं द्या. कुठेही काटकोन नको. एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून ती लांब ठेवा आणि कंपनीच्या ज्या क्लिपा आहेत त्या सगळ्या लावा. प्लॅस्टिकच्या बंधाने ती वायरिंगला बांधू नका. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, केबलला त्याच्याबरोबर हलायला जागा हवी. नवीन केबलच्या आत तेल ओतायची जुनी सवयही सोडा. आतून टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या केबलला तेल लागत नाही, उलट तेलाने धूळ धरून ती लवकर अडकते.

गिअरबॉक्सच्या टोकाला आवरण क्लिपने पक्कं करा, टोक लिव्हरमधून घाला, जॉइंट पिन आणि नट लावा. सध्या नट हाताने लागेल तेवढाच.

केबल वरचेवर जात असेल तर: इंजिनची अर्थिंगची पट्टी बघा. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी ती पट्टी तुटली किंवा गंजली, तर स्टार्टरचा प्रवाह क्लच केबलच्या लोखंडातून वाट काढतो. केबल तापते, आतलं अस्तर वितळतं आणि तार चिकटते. चार-सहा महिन्यांत दुसरी केबल जळत असेल तर केबलच्या कंपनीला बोल लावण्याआधी ही पट्टी तपासा. मल्टिमीटरची एक तार इंजिनच्या उघड्या धातूला, दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला लावून कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. आकडा ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी असावा.

## पायरी ७: फ्री प्ले, आणि तो पुन्हा

फ्री प्ले म्हणजे रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांना टेकण्याआधीची रिकामी जागा. ती संपली तर बेअरिंग सतत घासत राहतं आणि क्लच पूर्ण पकडत नाही, गाडी स्लिप होते. ती जास्त झाली तर पेडल तळाला टेकवूनही क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर खरखरतात. पेडल बसवल्यानंतरच्या बहुतेक तक्रारी या दोनांपैकी एकीच्या असतात.

या वर्गातल्या मारुती गाड्यांत पेडलवर १५ ते २५ मि.मी. आणि रिलीज लिव्हरच्या टोकाशी २ ते ४ मि.मी. फ्री प्ले धरतात. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच घ्या.

१. रिलीज लिव्हर हाताने हलवून तो बेअरिंगला कुठे टेकतो ते जाणून घ्या. नट फिरवत लिव्हरच्या टोकाशी ३ मि.मी. ठेवा.
२. आत बसून पेडल तळापर्यंत २५ वेळा दाबा. यात केबलची टोकं, ग्रोमेट आणि क्लिपा आपापल्या जागी बसतात.
३. पुन्हा मोजा. नवीन केबल असेल तर फ्री प्ले हमखास वाढलेला दिसेल. नट आवळून तो पुन्हा ३ मि.मी. वर आणा.
४. आता पेडलवर मोजा. पट्टी पत्र्यावर टेकवून एका बोटाने दाबा, पायाने नाही. पायाला १५ मि.मी. कळत नाहीत.
५. लॉकनट असेल तर आवळा, आणि आवळल्यावर परत एकदा मोजा. लॉकनट आवळताना मुख्य नटही थोडा फिरू शकतो.

लिव्हरवर ३ मि.मी. असूनही पेडलवर ३५ ते ४० दिसत असतील तर नट आवळून आकडा जुळवू नका. जास्तीचा खेळ पेडल आणि लिव्हर यांच्यामध्ये कुठेतरी आहे: हूक अर्धवट बसला आहे, ग्रोमेट हलतंय किंवा पिव्हट सैल आहे. तो तसाच ठेवून नट आवळला की खाली बेअरिंगला जागाच उरत नाही.

इशारा: गिऱ्हाईकाला क्लच जरा वरती हवा असतो म्हणून फ्री प्ले शून्यावर आणू नका. वाहतूक कोंडीत पाय क्लचवर ठेवूनच चालवणाऱ्याच्या गाडीत असा क्लच फार दिवस टिकत नाही.

## हायड्रॉलिक क्लच असेल तर

पेडलला केबलऐवजी मास्टर सिलिंडरचा पुशरॉड जोडलेला असतो. काढण्याआधी पुशरॉडवरच्या चेकनटची जागा मार्करने खुणा करून ठेवा आणि पिन सोडा. नुसतं पेडल बदलत असाल तर पाइप सोडायची गरज नाही, म्हणजे हवा काढायचीही गरज नाही.

बसवल्यावर पुशरॉड आणि मास्टर सिलिंडरचा पिस्टन यांच्यात मॅन्युअलप्रमाणे थोडी मोकळीक राहिलीच पाहिजे. ती नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, टाकीकडे जाणारं बारीक भोक बंद राहतं आणि तापलेल्या फ्लुइडचा दाब आतच कोंडतो. गाडी सकाळी ठीक आणि दुपारी तापल्यावर स्लिप, अशी तक्रार असेल तर आधी ही मोकळीक बघा, क्लच प्लेट नंतर.

फ्लुइड टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. ते रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, कारण ते रंग उकलतं.

## पायरी ८: गाडी हलवण्याआधीच्या चाचण्या

बॅटरीची तार जोडा. पायमॅट लावण्याआधी पेडल तळापर्यंत दाबून खाली कार्पेट, वायर किंवा विसरलेला पाना येत नाही ना ते बघा. जाड मॅटवर मॅट टाकलेल्या गाडीत पेडलचा शेवटचा ८-१० मि.मी. प्रवास मॅटच खाते, आणि खापर क्लचवर फुटतं.

सुटतो का: हँडब्रेक ओढून, न्यूट्रलमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून इंजिन सुरू करा. क्लच पूर्ण दाबा, चार सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. छोट्या गाड्यांत रिव्हर्सला बहुधा सिंक्रो (गिअर जुळण्याआधी त्यांचा वेग सारखा करणारी व्यवस्था) नसतो, म्हणून तो खोटं बोलत नाही. क्लच पूर्ण सुटला असेल तर गिअर गप्पकन बसतो. खरखरला तर फ्री प्ले जास्त आहे किंवा प्रवास कमी पडतोय.

पकडतो का: मोकळ्या जागी, पुढे-मागे कोणी नसताना, हँडब्रेक पक्का ओढून आणि ब्रेक दाबून तिसरा गिअर टाका. थोडं अॅक्सिलरेटर देऊन क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं पाहिजे. ते चालूच राहिलं तर क्लच लगेच दाबा. ही चाचणी एकदाच करायची. दोन-तीनदा केली तर चांगली प्लेटही जळते.

आवाज: इंजिन चालू ठेवून पेडलवर नुसता पाय टेकवा. फ्री प्ले संपताच बारीक घरघर सुरू झाली आणि पाय काढल्यावर थांबली, तर रिलीज बेअरिंग गेलं आहे. पाय काढल्यावर आवाज सुरू आणि दाबल्यावर बंद होत असेल, तर तो गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगकडून येतोय. दोन्हींचा पेडलशी संबंध नाही, पण गिऱ्हाईकाला ते आजच सांगा. नाहीतर नवीन पेडलमुळेच आवाज सुरू झाला, असं तो म्हणेल.

क्लच स्विच असलेल्या गाडीत स्टार्टर अजिबात हलत नसेल तर पेडल दाबताना स्विचचा खटका ऐकू येतो का ते बघा. येत नसेल तर स्विच पेडलपासून लांब बसला आहे, दोन फेरे पुढे घ्या.

## पायरी ९: १०० आणि ५०० किलोमीटरनंतर

नवीन केबल पहिल्या १०० किलोमीटरमध्येच सगळ्यात जास्त बसते. तेवढं चालल्यावर इंजिन थंड असताना फ्री प्ले मोजा. वाढलेला असेल तर लावा. त्याच वेळी ब्रॅकेटचे आणि पिव्हटचे नट टॉर्क रेंचने परत बघा. नट फिरला तर खाली रंग किंवा गंज दबला होता, आवळून सोडून द्या.

५०० किलोमीटरला फक्त फ्री प्ले मोजा आणि पायरी २ मधल्या कागदावर, जुन्या आकड्यांखाली लिहून ठेवा. इथून पुढे तो हळूहळू कमी होत जाणार, कारण प्लेट झिजत जाते. उलट तो वाढत असेल तर पेडलपासून लिव्हरपर्यंत काहीतरी सैल होतंय. टॉर्च घेऊन पहिल्यांदा ग्रोमेट आणि हूक बघा.